दत्तकाचा कोट

शनिवार आमच्या घरात कोटांचा वार होता. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत, आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि घराच्या तिप्पट अंगण. त्या अंगणात तारांवर कोट, जाकिटं, शेरवान्या, शाळांचे ब्लेझर, छावणीतून आलेली मिल्ट्रीची जर्किनं उलटी टांगलेली असायची आणि त्यांतून रिठ्याचं पाणी ठिबकायचं. ओल्या लोकरीचा वास फारसा चांगला नसतो, पण मला तो आवडायचा. त्यात मायच्या कोळशाच्या इस्त्रीचा वास मिसळला की माझ्या लेखी शनिवार पुरा व्हायचा. इस्त्री जड होती. माय ती दोन्ही हातांनी उचलून ओल्या फडक्यावर टेकवायची आणि ‘चुर्र’ आवाज झाला की म्हणायची, “बसली घडी.” त्या दिवशी स्वयंपाकाला वेळ नसायचा, म्हणून पहाटेच ज्वारीच्या भाकरी थापून ठेवलेल्या असत आणि येसरची आमटी करून ठेवलेली असे. ती दुपारपर्यंत घट्ट व्हायची आणि मगच तिला खरी चव यायची. येसर मी आजही घरी करते. सून म्हणते, आई, गरम आहे तोवर खाऊन घ्या. मी म्हणते, थांब, जरा निवू दे.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, रविवारी जाफर गेटच्या बाजारात जुन्या कपड्यांचं दुकान मांडायचे. दुकान म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री. बोहारणी घरोघर हिंडून भांड्यांच्या बदल्यात जे कपडे आणत, त्यातला बरा माल दादा घ्यायचे, माय धुवून-शिवून नवा करायची आणि तो पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जायचा. शाळेत मला पोरी म्हणायच्या, हिच्या घरात मेलेल्या माणसांचे कपडे वाळत घालतात. मी रडत घरी आले की माय विचारायची, “मग? त्यांनी मरताना संगं न्यायला पायजे व्हते का?” आणि माझ्या हातात बटणांची वाटी द्यायची. मायचं सांत्वन एवढंच असे. आज वाटतं, तेच पुरेसं होतं.

बाजारात आमच्या ताडपत्रीला लागूनच महेबूब चाचांची हातमशीन असायची. दाढी पांढरीशुभ्र, चष्म्याची एक काच जाड आणि दुसरी त्याहून जाड. गिऱ्हाइकानं आमच्याकडून कोट घेतला की चाचा तिथंच बाही आखूड करून द्यायचे. तरुणपणी ते हैदराबादेत एका मोठ्या शिंप्याकडे कटिंगला होते. कोट हातात आला की तो अंगासमोर धरून बघण्याऐवजी ते आधी त्याचं अस्तर बाहेर काढायचे. मला म्हणायचे, “बेटा, सीधा तो सब कू दिखता. तू उल्टा करके देख.” आणि कॉलरच्या मागं शिवलेल्या, दोन बोटांएवढ्या लेबलावर बोट ठेवायचे. “ये उसका जनमदाखला है.”

मी सातवीत असताना हे शिक्षण सुरू झालं आणि मला त्याचं वेड लागलं. लेबलावर कुठंही साल लिहिलेलं नसतं, पण ते काढता येतं, हे कळलं तेव्हा मला एखादी गुप्त लिपी सापडल्यासारखं झालं. नुसतं उर्दू असेल आणि खाली ‘हैदराबाद दक्खन’ असेल तर तो निजामाच्या राज्यातला कोट. शिंप्याच्या दुकानाचा टेलिफोन नंबर दोन आकडी असेल तर गावात फोन नुकतेच आलेले, तीन आकडी असेल तर त्याच्या नंतरचा. माप इंचात असेल तर जुना, सेंटीमीटरही असेल तर अलीकडचा. ‘टेरिलीन’ असं मोठ्या दिमाखात विणलेलं असेल तर ते कापड नवलाचं होतं तेव्हाचा. पत्त्यात पिनकोड असेल तर तो पार आमच्या डोळ्यांदेखतचा. मी शाळेच्या वहीत लेबलांची चित्रं काढायची आणि चाचांकडून तपासून घ्यायची. चूक असली की ते मान हलवायचे, “नक्को, फिरसे देख.” बरोबर असली की खिशातून बडीशेप काढून द्यायचे. आता माझी नात तिच्या मैत्रिणींच्या जुन्या जाकिटांचे फोटो मोबाइलवर आणते आणि विचारते, आजी, हे किती जुनं? मी फोटो मोठा करून लेबल बघते. आमच्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. ते नाव असलेले सदरे दुकानांत लटकलेले बघते तेव्हा मनात येतं, पन्नास वर्षांनी कुणी पोरगी हेच नाव वाचून सांगेल, हा या सालानंतरचा.

मी अकरावीत होते त्या दिवाळीनंतर गया आत्या आमच्याकडे आली. दादांची ही धाकटी बहीण पिशोरला दिली होती, बिजवराला. तिच्या मालकांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा शांत माणूस होता, आत्या मोठ्यानं हसणारी. मूलबाळ झालं नाही, पण दोघांनी मिळून सहा एकरांचा मळा असा केला होता की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. विहीर दोघांनीच खोदली. खाली मामा सुरुंगाची भोकं पाडायचे आणि वर आत्या दगड उपसायची. मामा त्याच्या आदल्या वर्षी वारले. आत्या आमच्या दारात आली ती एका पत्र्याच्या पेटीनिशी, आणि त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा न हसता बघितलं. ती ओसरीवर बसली, मायनं दिलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, “दादा, मला लेक झाला म्हणतेत.”

प्रकरण असं होतं. मामांच्या जागी सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आत्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला होता. त्यावर मामांचे धाकटे भाऊ, भाऊराव, यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, आपला थोरला मुलगा विलास मामांनी लहानपणीच दत्तक घेतला होता. केव्हा? तर पहिली बायको वारल्यावर, आत्याशी लग्न व्हायच्या आदल्या वर्षी. म्हणजे आत्याला विचारायची सोयच नव्हती. ती तेव्हा त्या घरात नव्हती. भाऊरावांनी एक जुना कागद आणला होता, त्यावर दोन साक्षीदारांचे अंगठे होते आणि दोघंही साक्षीदार मरून गेलेले. मुलगा आहे म्हटल्यावर निम्मा मळा त्याचा, आणि त्यांनी मागितलेला निम्मा म्हणजे विहिरीकडचा. उरलेल्या निम्म्यात नुसती माती.

दादा भिडस्त होते. दोन दिवसांनी ते म्हणाले, “गये, निम्मं तर निम्मं. घरातलं भांडण चावडीवर काहून न्यायचं?”

आत्या बटण लावत होती. तिनं दात लावून दोरा तोडला. “निम्मं दिलं असतं दादा. इलास गुणाचा पोरगा हाय, त्यानं नुसतं मागितलं असतं तरी दिलं असतं. पण खोटं बोलून मागतेत. मेलेल्या माणसाच्या तोंडी घालतेत. त्यानला लेक पायजे व्हता तर त्यांनी मला सांगितलं नसतं का? अठ्ठावीस हात ईर म्या उपसली त्यांच्यासंगं. एवढी मोठी गोष्ट पोटात ठिवून कोण कामाला लागतं?”

“पण आत्या,” मी विचारलं, “गावात लोक काय म्हणतात?”

“लोकं कोट पाहून गप झालेत.”

“कोणता कोट?”

मग तिनं सांगितलं. त्या कागदातच लिहिलेलं होतं की दत्तक घेतेवेळी बालकास औरंगाबादेहून नवा कोट शिवून आणून घातला. आणि भाऊरावांनी तो कोट पेटीतून काढून चारचौघांत दाखवला होता. लहान पोराचा, मखमली, गडद किरमिजी. कागदावर लोकांचा विश्वास बसत नव्हता, पण कोट समोर धरल्यावर म्हाताऱ्या बायकांचेही डोळे ओले झाले होते. आत्या म्हणाली, “माझ्याबी आले असते. कोट लई सुंदर हाय.”

मी विचारलं, “त्याला लेबल आहे का?”

दादा एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. पण माय हसली नाही. तिनं इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाली, “हिला घिऊन जावा.” दादा म्हणाले, चावडीवर पोरीचं काय काम. माय म्हणाली, “कपडा पायचं काम हाय ना? मग तुमच्यापेक्षा हिचं जास्ती हाय.” रविवारी मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “डरना नक्को. हौर जल्दी बोलना नक्को. पैले उनके मुँह से कहलवा लेना, कोट कब सिलाया. फिर उल्टा करना.”

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं पिशोरला गेलो. थंडी होती. आत्यानं मायचं निळं लुगडं नेसलं होतं आणि गावाजवळ आल्यावर ती खिडकीतून लोकांची रानं बघत होती आणि कुणाचा गहू कसा आहे ते पुटपुटत होती. चावडीपुढं बरीच माणसं जमली होती. सर्कलसाहेब, म्हणजे या नोंदींचा निकाल देणारे मंडळ अधिकारी, टेबलामागं बसले होते. मध्यम वयाचे, सर्दी झालेले, गळ्याला मफलर. शेजारी तलाठी. एका बाजूला भाऊराव, पांढराशुभ्र पटका, आणि त्यांच्यामागं विलास. विलास तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा असेल. तो सारखा खाली बघत होता.

कागद वाचून झाला. आत्याला विचारलं, तुम्हाला यातलं काय माहीत आहे? ती म्हणाली, “साहेब, म्या लगीन होऊन आले तवा ह्या पोराला त्याच्या मायच्या कडेवर पायलं. त्याच्या मायचंच दूध पिऊन, त्याच्याच घरात वाढला.” भाऊराव लगेच म्हणाले, “वहिनी आल्यावर पोराला घरी आणलं आमी. सावत्रपणा नको म्हणून. पण दत्तक ते दत्तक.” लोकांत कुजबुज झाली, आणि ती आत्याच्या बाजूची नव्हती. मग भाऊरावांनी पिशवीतून कोट काढला आणि साहेबांच्या टेबलावर पसरला.

तो खरंच सुंदर होता. मखमल अजून मऊ होती, बटणं पितळेची, बाहीला बारीक जरीची किनार. मला वाटलं, हा जुनाच असेल. हा जर खरोखरच तेव्हाचा निघाला, तर मी सगळ्यांसमोर आत्याच्या विरुद्ध साक्ष देऊन बसेन. पण दादांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी उभी राहिले.

“साहेब, मी कोट बघू का?”

“ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“माझी भाची,” आत्या म्हणाली.

भाऊराव हसले. “साहेब, हिचा बाप जाफर गेटला चिंध्या इकतो. ही चिंध्या धुती. हिला काय इचारता?”

मला शाळेतल्या पोरी आठवल्या. साहेबांनी नाक पुसलं आणि शांतपणे म्हणाले, “भाऊराव, कापडाचं कापडवाल्यालाच विचारतात. बघू दे तिला.”

मी टेबलाजवळ गेले. कोट उचलला नाही. आधी भाऊरावांना विचारलं, “काका, हा नवाच शिवून आणला होता ना? जुना कुणाचा घेतला नव्हता?”

“जुना? आमी काय बाजारातले हावोत का? थोरला भाऊ सोता शहागंजात गेला, इलासला संगं घिऊन. माप देऊन शिवला. वहिनी यायच्या आदल्या साली.”

“साहेब, हे लिहून घ्याल का?” मी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहून घेतलं.

मग मी कोट उलटा केला. अस्तर पिवळ्या साटीनचं होतं. कॉलरच्या मागं लेबल होतं, काळ्यावर सोनेरी दोऱ्यानं विणलेलं, इंग्रजीत. वर दुकानाचं नाव, खाली शहागंज. आणि तिथंच ते संपत होतं. दुकानाचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून तोच धंदा करतात आणि त्यांचा यात काही दोष नव्हता. पण लेबल मला आखूड वाटलं. वरची कड आणि पहिली ओळ यांच्यात बरीच जागा होती, खालच्या ओळीखाली मात्र जागाच नव्हती. मी बोटानं चाचपलं. अस्तर तिथं उसवलं होतं आणि कुणीतरी घरच्या सुईनं, काळ्या दोऱ्यानं, मोठे टाके घालून ते टाचलं होतं. त्या टाक्यांत लेबलाचा खालचा भाग आत दुमडला गेला होता.

“साहेब, इथं चार टाके मागून घातलेत. मी ते उसवू का?”

“कोट खराब करती ही!” भाऊराव ओरडले.

“पुन्हा शिवून देते,” मी म्हणाले. माझ्या ओढणीच्या टोकाला मायच्या सवयीप्रमाणे सुई टोचलेली होतीच. साहेबांनी मान हलवली. मी एकेक टाका सुईनं उचलून तोडला. चौथा टाका निघाला आणि लेबल उलगडलं. खाली तिसरी ओळ होती. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग मोठ्यानं वाचली, “औरंगाबाद, चार तीन एक शून्य शून्य एक.”

“फोन नंबर हाय,” कुणीतरी म्हणालं.

“नाही,” मी म्हणाले, “पिनकोड.”

कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. साहेबांना मात्र वाटलं. त्यांनी रुमाल खाली ठेवला आणि कोट स्वतःकडे ओढला.

मी म्हणाले, “साहेब, आत्याचं लग्न झालं तेव्हा मी पाळण्यात होते. आणि पिनकोड आला तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या बाईंनी फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घेतला होता. दुष्काळाचं साल होतं, शाळेत सुकडी मिळायची. आत्याच्या लग्नाच्या आधी पिनकोड नव्हताच, तर तो लेबलावर कसा येईल?”

भाऊराव म्हणाले, “लेबल मागून लावलं असंल कुणी.”

मला चाचांची आठवण झाली. घाई नको. मी कोटाचं अस्तर साहेबांच्या पुढं धरलं. “साहेब, लेबलाच्या वरच्या कडेचे टाके बघा. मशीनचे आहेत. ते फक्त अस्तरातून गेलेत, मखमलीत एकही उतरलेला नाही. म्हणजे अस्तर कोटाला जोडायच्या आधीच लेबल लावलं होतं. कोट शिवताना. मागून लावलं असतं तर सगळं अस्तर काढावं लागलं असतं, आणि बाकीची शिवण तर पहिलीच आहे, कुठंही उसवलेली नाही.”

साहेबांनी स्वतः बोट फिरवून बघितलं. तलाठ्यानं बघितलं. मग साहेब म्हणाले, “गावात टपाल कोण बघतं?”

मागून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. ते शाळेतले निवृत्त गुरुजी होते आणि गावचं पोस्टही त्यांच्याच घरात होतं. त्यांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं. “साहेब, पिनकोडाचा कागद माझ्याच हातात आला होता. दुष्काळाच्या साली, झेंडावंदनाच्या वेळी. मीच गावाला वाचून दाखवला. लोक म्हणाले, पाऊस पाठवा म्हणावं, आकडे काय पाठवता.” लोक हसले. गुरुजी पुढं म्हणाले, “गयाबाई त्याच्या सहा वर्षं आधी सून होऊन आली. माहेराला धाडायची तिची पत्रं मीच लिहून द्यायचो. आणि हा विलास दुष्काळात पाचवीत होता, माझ्याच वर्गात. ह्या कोटात तेव्हा त्याचा एक हातसुद्धा गेला नसता.”

साहेब विलासकडे वळले. “तू सांग. हा कोट तुझा आहे?”

विलासनं बापाकडे बघितलं नाही. तो आत्याकडे बघत होता. तो म्हणाला, “नाय साहेब. माझ्या मायच्या भावाच्या पोराचा हाय. मामीनं जुना म्हणून दिला व्हता. अस्तर उसवलं तवा टाके तिनंच घातले व्हते. मला कोणी दत्तक घेतलं नव्हतं.” आणि त्यानं हात जोडले, “काकू, माझी चूक झाली.”

भाऊरावांनी पटका सावरला आणि कोट तिथंच टाकून ते चावडीच्या पायऱ्या उतरून गेले. साहेबांनी लिहायला सुरुवात केली. शेवटी त्यांनी उभं राहून वाचून दाखवलं. कागदात ज्या कोटाचा उल्लेख आहे तो कोट त्या काळातला नाही, सबब कागद विश्वासार्ह नाही, हरकत फेटाळण्यात येते, मयताच्या जागी विधवा गयाबाई यांचं नाव लावावं. मला म्हणाले, “तुझीही सही लागेल. धंदा काय लिहू? विद्यार्थिनी?” मी हो म्हणणार तेवढ्यात दादा मागून, आयुष्यात कधी नव्हे इतक्या मोठ्यानं म्हणाले, “जुन्या कपड्यांची पारखी लिवा, साहेब.” आणि साहेबांनी तसंच लिहिलं.

पुढं मी खरोखरच तो धंदा केला. एका वस्त्रसंग्रहात तीस वर्षं कोटांची, शालूंची, शेरवान्यांची वयं सांगितली, मोठमोठ्या माणसांशी वाद घातले आणि बहुतेक जिंकले. पण चाचांनी त्या रविवारी सगळी हकीकत ऐकून नुसतं “हौ, सही पकडी” म्हटलं आणि मूठभर बडीशेप माझ्या ओंजळीत ओतली, त्याच्या तोडीची शाबासकी मला परत कुणी दिली नाही. आत्या त्यानंतर सत्तावीस वर्षं जगली, आपल्या मळ्यात, आणि म्हातारपणी तिनं स्वतः तलाठ्याकडे जाऊन एक एकर विलासच्या नावावर करून दिला. कुणी मागितला नव्हता.

पण त्या दिवसाचं अजून थोडं सांगायचं आहे. चावडीतून बाहेर पडलो तर बायकांनी आत्याला घेरलं. ज्यांचे डोळे कोट बघून ओले झाले होते त्याच म्हाताऱ्या आता तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. कुणी चहाला बोलावत होतं, कुणी हुरड्याला. आत्या सगळ्यांना “येते, येते” म्हणत होती आणि पाय मात्र मळ्याच्या वाटेला लागले होते. आम्ही मागं मागं. मळा बघून दादा थबकले. कांद्याची पात पिवळी पडली होती, वाफ्यांना भेगा गेल्या होत्या. हरकत घेतल्यापासून भाऊरावांनी विहिरीवरच्या इंजिनचं हँडल काढून नेलं होतं आणि आत्या घागरीनं जेवढं जगवता येईल तेवढं जगवून आमच्याकडे आली होती. ती बांधावर उभी राहिली. तेवढ्यात वाटेवरून कुणीतरी धावत आलं. विलास होता. त्याच्या हातात ते लोखंडी हँडल होतं.

तो विहिरीपाशी येऊन उभा राहिला. पुढं यावं की नाही, त्याला कळत नव्हतं. आत्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“उभा काय राह्यलास? मार की हँडल.”

त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हँडल लावलं. पहिल्या दोन वेळा इंजिन नुसतं खोकलं. तिसऱ्या वेळेला त्यानं सगळं अंग घालून फिरवलं आणि धूर सोडत ते सुरू झालं, टुक-टुक-टुक, सगळ्या शिवारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. नळातून आधी गाळ आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ पाण्याचा लोट हौदात कोसळला आणि पाटाला लागला. आत्यानं मायचं निळं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, बांधावरचं फावडं उचललं आणि मोठ्यानं हसली, तेच जुनं हसू. “रंजे, चपला काढ! दारं धर त्या कोपऱ्यातलं, पाणी फुटंल!” मी चपला भिरकावल्या आणि धावले. दादा अंगातला कोट काढून वाफ्यात उतरले. भेगाळलेली जमीन पाणी पीत होती, आणि आत्या पुढं पुढं चालत एकेक वाफा फोडत होती.